मामा घंटीची वाट पाहायचे

शांतवानमामांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना चक्कर आली असं समजून मी पाण्याची बाटली घेऊन धावलो होतो. बदली होऊन वर्ध्याला आल्यावरचा माझा तो पहिला रविवार. उपासना संपली होती, लोक घरी निघाले होते, आणि चर्चच्या फाटकात एक उंच, वाळका म्हातारा चालू स्कूटरवर डोळे मिटून बसला होता. एक पाय जमिनीवर. मागे पाच-सहा गाड्या खोळंबलेल्या. मी खांद्याला हात लावून विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" डोळे न उघडताच ते म्हणाले, "बरं हाये. घंटीची वाट पाहून राह्यलो." मग एक श्वास घेतला आणि निघून गेले. मी बाटली धरून तिथंच उभा राहिलो.

मामा तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तरी घंटी काही सुटली नाही. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. "डायवरले मांगचं दिसत नाई, मास्तर," ते मला सांगायचे. मी शिक्षक, म्हणून मास्तर. "कोण चढून राह्यलं, कोणाचा पाय पायरीवर हाये, थे कंडक्टरले दिसते. आपण फक्त समोर पाहाचं. देव मांगं उभा हाये. त्यानं डबल देल्याबिगर गाडी हालवाची नाई."

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला एका फाट्यावर लोक मागून "चला, चला" ओरडले आणि मामांनी घंटीशिवायच गाडी सोडली. एक म्हातारी उतरत होती. ती पडली, तिचं मनगट मोडलं. मामा महिनाभर तिच्या घरी भाकरीचं पीठ दळून पोचवत होते. "पब्लिकची घाई म्हणजे काई घंटी नाई," एवढंच ते त्यावर म्हणायचे.

"पण मामा, खरंच ऐकू येते घंटी?" मी एकदा खोचकपणे विचारलं.

"रोज नाई येत. नाई आली त थांबतो. कधी कधी त बायकोच आवाज देते, पिशवी राह्यली म्हणून. तेबी घंटीच हाये."

मी मनात हसलो. देवाच्या मार्गदर्शनाच्या बाबतीत मी स्वतःला मोठा तज्ज्ञ समजत होतो. दोन वर्षांत चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी झालो होतो आणि माझी प्रार्थना ऐकण्यासारखी असायची. आधी देवाला परिस्थिती समजावून सांगायची, मग कारणं, मग निर्णय, आणि शेवटी "तुझी इच्छा पूर्ण होवो". कमिटीत एकदा अशी दणदणीत प्रार्थना करून मी खाली बसलो, तर मामा कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, देवाले विचारून राह्यले का कळवून राह्यले?" मला इतका राग आला की त्या दिवशीचा चहा मी घेतलाच नाही. चहा न घेतल्याने देवाचं किंवा मामांचं काय बिघडणार होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

आता माझ्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढं सरकत नाही. धाकटा प्रकाश समुद्रपूरला पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याने सुजाता नावाच्या बौद्ध घरातल्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं. "देवाला विचारलंस का?" असा सवाल मी मंडळीतल्या चारचौघांत टाकला आणि पाच वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही. खरं सांगायचं तर देवाला विचारलं नाही याचं मला फारसं दुःख नव्हतं. मला विचारलं नाही, ही खरी आग होती. जळल्यासारखं व्हायचं, पण मी त्याला विश्वासाचा प्रश्न म्हणायचो. मनातून त्याची आठवण यायची. मटण शिजलं की हटकून यायची. जाऊ का, असं मी देवाला अधूनमधून विचारायचो आणि "अजून वेळ आली नाही" असं माझ्याच आवाजात उत्तर यायचं.

आमच्याकडे नव्या वर्षाच्या सकाळच्या उपासनेत प्रत्येक जण वचनाची चिठ्ठी काढतो. वर्षभर त्याच वचनाच्या वाटेनं चालायचं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा मामांच्या हातात असे. त्या वर्षी मी चिठ्ठी उघडली, तर आधी भावाशी समेट कर आणि मग वेदीपाशी ये, अशा अर्थाचं वचन. मी इकडंतिकडं पाहिलं, घडी घालून ती परत डब्यात टाकली आणि दुसरी काढली. तीत होतं की डावीउजवीकडे न वळता सरळ चालत राहा. वा! हे कसं माझ्या मापाचं होतं. मी सगळ्यांसमोर विश्वासाची साक्ष द्यायला उभा राहिलो आणि ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "मास्तर, फाडलेलं तिकीट बदलून भेटत नाई."

"चुकून दोन चिठ्ठ्या आल्या होत्या, मामा."

"हव. तुमी सोताच घंटी वाजवता, सोताच गाडी काढता. अन रस्ता चुकला का देवाच्या नावानं बोंबलता."

त्यानंतर मी त्यांना टाळू लागलो. मार्चमध्ये कळलं, मामा दवाखान्यात आहेत, दोन्ही किडन्या गेल्या. मी सेक्रेटरी म्हणून संत्री घेऊन गेलो. चांगलं दुपारचं ऊन होतं. मामा अंगाने निम्मे राहिले होते. मी प्रार्थनेसाठी हात जोडले, तर म्हणाले, "ते राहू द्या. परकाशकडे गेलते का?"

"मामा, मी त्याबद्दल देवाची इच्छा शोधतोय. जरा प्रार्थना करून..."

त्यांनी चाचपडत चमचा उचलला आणि स्टीलच्या पेल्यावर वाजवला. टण, टण. अख्खा वॉर्ड वळून पाहू लागला.

"झाली ना डबल? आता कायची वाट पाहून राह्यले? निंघा!"

चाळीस मुलांना दटावणारा मी, शेपूट घालून निघालो आणि थेट समुद्रपूरची गाडी धरली. वाटेत एक भाषण तयार केलं. त्यात क्षमा होती, पण दोन्ही बाजूंच्या चुकांचा सविस्तर आढावाही होता. दुकानात प्रकाश तांब्याच्या तारा गुंडाळत बसला होता. केस पांढरे व्हायला लागले होते त्याचे. मला पाहून उभा राहिला, हात पुसले, आणि म्हणाला, "दादा, जेवला का?"

माझं भाषण राहिलं बाजूला. मी रडलो. मोटार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकांसमोर, भर दुकानात रडलो. सुजाताने वाढलेलं वरण मी तीनदा मागून घेतलं. "मी आलो नाही, मला हाकलून पाठवलं," असं खरं ते सांगून टाकलं आणि घंटीची सगळी हकिगतही सांगितली. ती दोघं पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी प्रकाशला घेऊन दवाखान्यात गेलो. मामांनी आम्हा दोघांना बराच वेळ न्याहाळलं. बोलायला त्रास होत होता, तरी बोललेच. "दीड तासाचा रस्ता, मास्तर. पाच वर्सं लावले. लयच लेट गाडी." मग प्रकाशचा हात धरून डोळे मिटले. चौथ्या दिवशी गेले.

अंत्यविधीची उपासना झाली. पेटीला पुढून खांदा मी दिला, मागून प्रकाशने. चर्चच्या फाटकात आलो आणि माझे पाय आपोआप थांबले. बरोबर तीच जागा होती. मागे सगळी मंडळी खोळंबली. कुणीतरी ओरडलं, "चला, चला!"

मी हललो नाही. डोळे मिटून उभा राहिलो. लोकांना वाटलं असेल, मास्तरला चक्कर आली.

मग मागून, लाकडावर बोटाची पेरं वाजली. टक, टक. प्रकाश होता.

आम्ही मामांना घेऊन निघालो.