दोन सबवूफर आणि शैलाकाकूंचं रुखवत

अगं सायली, तो लॅपटॉप बंद कर आणि आधी ऐक! शनिवारी मी काय घोळ घातलाय, तुला कल्पना नाही. हसू नकोस. अजून सुरूच नाही केलं!

तुला माहितीये ना, मी आणि निखिलने गॅरेजमध्ये ते दणकेबाज खर्जाचे स्पीकर, दोन सबवूफर, बनवलेत? प्लायवूड कापण्यापासून सगळं घरचं. एकेक खोका एवढा की आत निखिल मांडी घालून बसतो. बसलाय! फोटो आहे माझ्याकडे. आठवडाभर ऑफिस, वीकेंडला डीजे, असा आमचा प्लॅन. आणि पहिलंच लग्न मिळालं, इथेच फ्रिस्कोत, अविनाशकाकांच्या मुलीचं.

आता माझं तोंड गप्प बसतं का? काकांना म्हटलं, "नवऱ्यामुलाच्या एंट्रीला ढोल-ताशा पथक कशाला? माझ्या सबवर रेकॉर्डेड ढोल लावते. छातीत धडधड नाही झाली तर नाव बदलेन!"

काका बिचारे भोळे. "बरं गौरी, पथक कॅन्सल करतो. तुझ्या भरवशावर हं!"

शनिवारी सकाळी नवरामुलगा हॉलच्या दारात उभा. डोक्यावर फेटा, टेक्सासचं ऊन, नुसता शिजतोय. सगळ्यांचे मोबाइल वर. मी रुबाबात हात उंचावला आणि प्ले दाबलं.

टिक टिक टिक टिक!

छोट्या स्पीकरमधून ताशा येतोय, सबमधला ढोल गायब! कुणीतरी चमच्याने स्टीलचा डबा बडवतंय असं वाटत होतं. नवऱ्यामुलाने नाचायला उचललेला पाय हळूच खाली ठेवला.

काका धावत आले. "गौरी, ढोल कुठाय?"

"येतोय काका, वॉर्म-अप होतोय."

वॉर्म-अप! सबवूफरचा! काहीही बोलते मी.

आवाज वाढवला. काही नाही. अजून वाढवला. टिकटिक फक्त मोठी झाली. तेवढ्यात कोपऱ्यातून किंकाळी आली. शैलाकाकू, म्हणजे नवरीची आई.

"अगं, माझं रुखवत चाललं!"

"कुठे चाललं?"

"टेबलाच्या कडेला!"

पळत गेले तर काय! काकूंनी दोन महिने खपून डिंकाच्या लाडवांचं देऊळ रचलं होतं. कळस, पायऱ्या, सगळं. ते अख्खं देऊळ थरथरत दरवाजाकडे निघालं होतं. त्या कोपऱ्यात भूकंप, आणि हॉलच्या मध्यभागी टिकटिक!

मी तिथल्या तिथे अक्कल पाजळली. "काकू, टेबल मधे आणा! मधे काहीच होत नाहीये. एकदम सेफ!"

चार काकांनी टेबल उचललं आणि हॉलच्या बरोबर मधोमध नेऊन ठेवलं. काकू म्हणाल्या, "हुशार आहेस गं."

इकडे निखिल हॉलभर कान लावत फिरत होता. "यार, एका सबची वायर उलटी आहे. एक हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय. मधे दोघं एकमेकांना खाऊन टाकतायत."

"शक्यच नाही! लाल वायर लाल खुंटीला, काळी काळ्या खुंटीला. मी स्वतः लावल्यात!"

निखिलने मोबाइलचा टॉर्च मारला. दुसऱ्या खोक्याच्या मागे दोन्ही खुंट्या लाल!

म्हणजे काय झालं, सांगू? शुक्रवारी नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल आलेला. "नवीन यंत्र आहे, पूजा केल्याशिवाय सुरू करायचं नाही." मी दोन्ही खोक्यांना हळदकुंकू लावलं. तर आई म्हणते, "मागूनही लाव गं, करंट तिथूनच येतो ना?" लावलं! ओलं कुंकू, सढळ हाताने, आणि दुसऱ्या खोक्याचं गेलं थेट काळ्या खुंटीवर!

निखिल माझ्याकडे बघतोय, मी त्या खुंटीकडे.

"बघत काय बसलीस? वायरींची अदलाबदल कर!"

अ‍ॅम्प बंद केला, वायरींची अदलाबदल केली, अ‍ॅम्प सुरू. आणि मघाशी शेवटपर्यंत वाढवून ठेवलेला आवाज? तो कमी कोण करणार? माझे पूर्वज?

धडाऽऽम!

अगं, काय ढोल वाजला! झुंबर हललं, काकांचा चष्मा नाकावरून खाली. आणि सगळा दणका बरोब्बर मधोमध. जिथे मी काय ठेवायला लावलं होतं? बोल ना!

कळस गेला, पायऱ्या गेल्या, एकशे एक लाडू गोट्यांसारखे घरंगळत थेट नवऱ्यामुलाच्या पायाशी. आणि तो येडा खुशीत! लाडू चुकवत, उड्या मारत नाचत आत आला. मागून अख्खी वऱ्हाडी मंडळी, तशाच उड्या मारत. काका डोळे पुसत ओरडतायत, "याला म्हणतात ढोल!"

गाणं संपलं. नवऱ्यामुलाच्या आत्याबाईंनी एक लाडू उचलून विचारलं, "तुमच्यात लाडू उधळायची पद्धत आहे का?"

सगळे काकूंकडे बघतायत. आणि माइक कुणाच्या हातात? माझ्या!

"हो!" मी म्हटलं. "जुनी पद्धत आहे. नवरामुलगा जितके लाडू चुकवेल तितका संसार गोड!"

टाळ्या पडल्या, सायली! टाळ्या! आत्याबाई एवढ्या खूश की डिसेंबरमधल्या स्वतःच्या मुलाच्या लग्नासाठी मला तिथेच बुक केलं. "लाडवांसकट हं!"

मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात शैलाकाकू शांतपणे माइकपाशी आल्या. "लाडू गौरीच करते हो. तिच्याच हाताचे होते हे. दोन महिने खपत होती पोरगी."

आता मला साधा चहा जमत नाही, आणि डिसेंबरपर्यंत डिंकाचे एकशे एक लाडू वळायचेत! खरं सांग, माझ्या जागी तू असतीस तर त्या माइकवर काय बोलली असतीस?