आठ नंबरच्या प्रेसची लय

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या गाळ्यात सत्त्याऐंशी साली अकरा माणसं प्रेसवर होती. हाताची दहाही बोटं शाबूत असलेला त्यांतला एकच, काशीराम परब. लोक म्हणायचे, नशीबवान आहे. कसलं डोंबलाचं नशीब? ती दहा बोटं त्यानं कशी सांभाळली होती, हे एकानंही कधी विचारलं नाही.

काम साधंच. डाव्या हातानं पत्रा डायच्या साच्यावर ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरचं लोखंड आदळून वर गेलं की उजव्या हातानं डब्याचं झाकण काढायचं. ठेव, दाब, काढ. दिवसभर हेच, एका लयीत, एका चालीनं. काशीराम मध्ये कुणाशी बोलायचा नाही, गुणगुणायचा नाही. लय मोडली की बोट गेलं, हे त्यानं शेजारच्या प्रेसवर दोनदा पाहिलं होतं. नोकरी सोडायची म्हणाल तर गिरणी बंद पडल्यावर तो दोन वर्षं घरी बसलेला. असा माणूस नोकरी सोडत नाही, सोडायचं नावही काढत नाही.

शनिवार-रविवारी मात्र हाच माणूस सेक्टरातल्या भजन मंडळात पखवाज वाजवायचा. त्याच्या नादाची बातच निराळी. बायको सुगंधा कणीक मळून द्यायची, ती तो पखवाजाच्या डाव्या पुडीच्या चामड्यावर थापायचा, थाप मारून ऐकायचा, चिमूटभर काढायचा, पुन्हा लावायचा. मग अशी घुमायची ती डावी बाजू की गाणाऱ्या राजाराम बुवांचा आवाज तिच्यावर आरामात टेकून बसायचा. झांज वाजवणारा लवू कितीही जोरात असला तरी काशीरामची थाप खालून ऐकू यायचीच, आणि कुणालाही झाकून टाकायची नाही.

पण त्या वर्षी काहीतरी बिघडलं. राजाराम बुवा हार्मोनियम थांबवून एकदा म्हणाले, "काशीराम, तुझो नाद लाखात एक रे. पण मी अभंग चढ्या लयीत धरलंय, नि धा मिनटांत तू माका खय आणून ठेवलंस?"

मग बुवांनी दुसरा अभंग संथ घेतला, तोही दहा मिनिटांत तिथंच येऊन पोचला. सगळं मंडळ पखवाजाच्या मागं जाणार, दुसरं करणार काय?

उलगडा लवूनं केला. लवू टेम्पो चालवायचा. पत्र्याची खेप घेऊन तो गाळ्यात आला, काशीरामच्या आठ नंबरच्या प्रेसपाशी उभा राहिला, आणि त्याचे हात आपोआप झांजेसारखे हलायला लागले. त्याचा चेहराच उतरला. जेवणाच्या सुट्टीत तो काशीरामला म्हणाला, "यार काशा, आपण रोज ह्या मशीनचं भजन करतो रे."

काशीरामनं डबा मिटून ठेवला. त्याला ते आधीच ठाऊक होतं, फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी मुलुंडच्या मंडळाशी डबलबारी होती, म्हणजे आळीपाळीनं गायचा भजनाचा सामना. बुवांनी स्पष्टच सांगितलं, ही एकच लय सुटली नाही तर पुढच्या बारीपासून दिंडोशीचा धोंडिराम पखवाजावर बसेल. वीस वर्षांचा पखवाज! काशीरामनं जिद्द धरली. सोमवारपासून प्रेसवर काम करताना मनातल्या मनात बुवांच्या लयीत अभंग म्हणायला लागला. तीन दिवस झकास गेले. गुरुवारी अभंग रंगात आला आणि हात बाहेर यायच्या आत पाय पेडलवर पडला. लोखंड आदळलं. काशीरामनं झाकण उचलून पाहिलं, तर त्यात करंगळीच्या नखाची कड चिकटलेली होती. बोट थोडक्यात वाचलं. घरी सुगंधानं त्याचा हात बघितला आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

रविवारी पहिल्या बारीला तो प्रेसच्याच लयीत वाजवत राहिला. भीतीच बसली होती. बुवांनी वळून एकदा त्याच्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, आणि ते पाहणं काही त्याला सोसेना. दुसऱ्या बारीला त्यानं डोळे मिटले आणि म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. मग पखवाज सुटला. बुवा पळाले की तो पळाला, बुवा रेंगाळले की तो रेंगाळला. लवूची झांज वर चमकत होती, डावी पुडी खाली घुमत होती, आणि मधल्या मोकळ्या जागेत बुवा हवे तसे हिंडत होते. मुलुंडवालेही माना डोलवत होते. काशीराम हसत होता. किती वर्षांनी हसतोय, हे सुगंधा मोजत बसली.

सोमवारी सकाळी तो आठ नंबरसमोर उभा राहिला. डावा हात पत्रा ठेवायला गेला तो बुवांच्या लयीत. पेडलवरचा पाय त्यानं काढून घेतला, स्टुलावर बसला आणि मांडीवर हात आपटत पुटपुटायला लागला. ठेव, दाब, काढ. ठेव, दाब, काढ. पाव तास लागला कालचं सगळं हातातून घालवायला.

"काय रे, जप करतोस काय?" सुपरवायझरनं विचारलं.

"नाही साहेब, विसरतोय," काशीराम म्हणाला.

आयुष्यात सुटलेली एक दुपार, आणि तीही स्वतःच्या हातानं मारून टाकायची. दर सोमवारी हे करायचं त्याच्यात बळ नव्हतं. त्या संध्याकाळी त्यानं पखवाजावरची सुकलेली कणीक खरवडली, पुडी ओल्या फडक्यानं पुसली आणि बुवांच्या घरी पखवाज नेऊन ठेवला. बुवांना वाटलं, रुसला. त्यांनी खूप समजावलं. त्यानं करंगळी तेवढी पुढं करून दाखवली आणि परत फिरला.

शनिवारी सुगंधा चपात्यांची कणीक मळत होती. सवयीनं तिनं एक गोळा वाटीखाली झाकून वेगळा ठेवला. काशीराम दारात बसून ऐकत होता, मंडळाच्या खोलीतून धोंडिरामच्या पखवाजाचा आवाज येत होता. डावी बाजू पोकळ वाजत होती. कणीक कमी पडली होती, त्याला इथूनही कळत होतं.

"त्या गोळ्याचीपण चपाती लाट," तो म्हणाला.