कावळ्यानं ठरवलेला मुक्काम

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाकळ पिळणं. दसरा काढायचा म्हणून घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला वढ्यावर नेलं होतं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती फिरवील तिकडंच मीबी फिरवून राहिलो, मग पाणी कसं निघावं?

"आवं, उलटा पीळ द्या, उलटा! सारा जलम गेला, अजून एवढं येईना तुमाला."

आदल्या रात्री पोरानं तिला मोबाईलवर काहीतरी दाखवलं होतं. उंच डोंगर, त्यावर रंगीत तंबू, तंबूत झोपलेली माणसं अन् पायाखाली ढग. पिळता पिळता तिला तेच आठवलं. म्हणाली, "एकदा जाऊन बघावं म्हन्ते. चांगलं घरदार सोडून ही येडी वाऱ्यात काहून झोपतेत." अन् हसली. पोरगा तिथंच मोटारसायकलवर वाकळा लादत होता, त्यानं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती चुलीपुढं बसली ती उठलीच न्हाई. डॉक्टर म्हणाला, हार्ट.

दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा बाभळीवर बसून नुसता बघून राहिला. खाली येईना. मग लोकांनी कबूल करायला सुरुवात केली. मेहुणीनं आमच्या नातीला पैठणी कबूल केली. भावकीतला एक जण तिच्याशी जलमभर बांधावरून भांडला, तो हात जोडून म्हणाला, "वहिनी, बांध सोडला." कावळ्यानं त्याच्याकडं पाहिलंबी न्हाई. तेवढी अक्कल त्याला होती. मी म्हणलं, दर्भाचा कावळा करा, शिववा अन् मोकळे व्हा, ऊन वाढलं. तेवढ्यात पोरगा पुढं झाला. "आई, बाबांना डोंगरावर मुक्कामाला नेतो. तू म्हणली व्हतीस ना?"

कावळा धप्पकन खाली आला अन् शिवला. सगळ्यांचे डोळे भरले. मी म्हणलं, "त्याला भूक लागली व्हती." माझं कोण ऐकतं!

तिनं थट्टा केली होती, अन् ह्यांनी तिचा नवस करून टाकला. कावळ्या-बिवळ्याला मी मानत न्हाई. पण शब्द तिच्या नावानं गेला होता. तो मोडला अन् खरंच तिचा जीव कुठं अडकून राहिला तर? हे एवढं काही मला अंगावर घेता येईना.

म्हणून थंडीत हिंगोलीच्या एका ग्रुपबरोबर निघालो. ग्रुप म्हणजे काय, तर मास्तर लोक, मेडिकलवाला, त्यांच्या बायका अन् गळ्यात शिट्टी अडकवलेले एक सर. रातभर गाडीत बसून नाशिककडच्या एका उंच डोंगराशी गेलो. चढताना मेडिकलवाल्याच्या दोन्ही हातांत काठ्या. म्हातारा मी, अन् काठ्या त्याला! दर वळणाला थांबून फोटो. डोंगर चढायला आले होते का लग्नाला, तेच कळंना.

माथ्यावर वारं असं की बोललेलं तोंडातच माघारी जायचं. त्यात ह्यांनी तंबू ठोकले अन् दिवस मावळताना गोल करून बसले. प्रत्येकानं सांगायचं, काहून आलो. कुणी म्हणलं निसर्गासाठी, कुणी म्हणलं टेन्शन घालवायला. घरी टेन्शन, म्हणून इथं हिवात मरायला आले.

"काका, तुम्ही?" सरांनी विचारलं.

"मला कावळ्यानं पाठवलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगा मान खाली घालून बसला.

जेवण व्हायच्या आत वारं पिसाळलं. मेडिकलवाल्याचा तंबू बॅगेसकट उडाला अन् दरीत गेला. त्याची बायको त्यालाच बोलायला लागली, जसं काही वारं त्यानंच सोडलं होतं. सरांनी शिट्टी फुंकली, ती त्यांनाबी ऐकू आली नसंल. मग हातवारे करून सांगितलं, सगळ्यांनी खालच्या वाडीत जायचं, तिथं शाळेत झोपायचं.

मी माथ्यावरच्या देवीच्या देवळाच्या पायरीवर बसलो.

"बाबा, चला."

"तू मुक्काम डोंगरावर कबूल केला. शाळेत न्हाई."

"वारं बघा की, बाबा! आई समजून घेईल."

"तुझी आई? भाकर करपली म्हणलं तर दोन दिवस बोलायची न्हाई. ती समजून घेईल?"

सर आले. "काका, तुमची जबाबदारी माझ्यावर आहे."

"मग तुमीबी थांबा."

सर थांबले न्हाईत. देऊळ दगडाचं आहे, दार लावून घ्या, उंबऱ्याबाहेर पडू नका, असं सांगून ग्रुप घेऊन उतरले. पोरगा तेवढा राहिला. देवळात आमी तंबूचं कापड अंगाभोवती गुंडाळून पाठीला पाठ लावून पडलो. त्याची पाठ हलून राहिली होती. थंडीनं का कशानं, मी विचारलं न्हाई.

सकाळी वारं पडलं होतं. ग्रुप पुन्हा वर आला अन् खाली बघून हरखून ओरडायला लागला. पोरानं माझा दंड धरला. "बाबा, बघा! आईला दाखवलं व्हतं तेच. खाली सगळे ढग."

"मुक्काम झाला," मी म्हणलं. "बघायचं कुणी कबूल केलं नव्हतं."

बघायची हौस तिची होती. मी एकट्यानं बघून सांगणार कुणाला?

मी देवळाच्या भिंतीकडं तोंड करून बसलो. बुटाच्या नाड्या बांधल्या, कानाला मफलर गुंडाळला, अन् नजर पायाखाली ठेवून सगळ्यांच्या आधी उतरायला लागलो.