पडद्यावरच्या मायशी

ये इकडे, जवळ बस, असं म्हटलं असतं. पण तू पुण्यात, म्हणून लिहिते. फोन काहून उचलत नाहीस वं? रागावले नाही, पण जरा रागावलेच समज.

सारा जन्म मी अपंग माणसांवर फिल्म काढत आले. आधी कारंज्यात लग्नाचं शूटिंग करायची, कॅमेरा तिथंच हाताळून शिकले. नवरी सोडून कोपऱ्यात बसलेल्यांकडेच कॅमेरा जायचा, त्यावरून बोलणीही खाल्ली. पण एक नियम ठेवला: फिल्म ज्याची, त्यानं ती आधी पाहायची, आपल्याच वस्तीत. मग बाहेर.

म्हणून तुझ्या बहिणीची फिल्म मंगरूळपीरजवळच्या तुमच्या वस्तीत, विहारात दाखवली. पांढरी चादर बांधली, तिला पुढं बसवलं. तिला जन्मापासून ऐकू येत नाही; तुमच्या मायनं आणि तुम्ही दोघींनी घरातच हातांच्या खुणांची बोली केलेली. माय जाऊन थोडेच दिवस झाले होते.

चादरीवर माय आली. चुलीपुढं बसून हातानं विचारत होती, जेवली का? तुझी बहीण उठली आणि भराभरा हातानं सांगू लागली. मला सारं कळलं नाही. मागून कोणी म्हणालं, "पाह्य वं, मायशी बोलून राह्यली!" लोक हसले. मग हसणं थांबलं. माय भाकर थापत राहिली, तिनं मान वर केली नाही. मी आवाज बरोबर येतो का, तेवढं पाहत होते. रडू आलं नाही. अजून येत नाही.

तेव्हापासून ती हात उचलत नाही. आता तिला सांभाळणारी तुझी वहिनी वाईट नाही. म्हणाली, "मावशी, मले तिच्या खुणाच समजत नाही, काय करू?" मी म्हटलं, फिल्म पाहून शिक. शिकते बिचारी, चार खुणा करते. तुझी बहीण नुसती पाहते.

परवा तू व्हिडिओ कॉल केलास, हात हलवलेस, आणि तिनं फोन पालथा ठेवला. त्यावरून रुसलीस ना? तिचा तुझ्यावर राग नाही. पडद्यातलं माणूस आपलं बोलणं पाहत नाही, एवढंच तिला पक्कं ठाऊक झालंय.

बाहेरचे लोक फिल्म मागतात, ते राहू दे. तिच्याशी बोलणारी आता तू एकटीच. समोर येऊन बसशील, तेव्हाच हात उचलेल, उचलला तर. मी मंगरूळपीरच्या स्टँडवर घ्यायला येते. लवकर ये, पोरी.