जमिनीपासून चार बोटे

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी, नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सभागृहात, कीटकासारखे पंख फडफडवत जमिनीलगत उडणारे एक यंत्र जागेवरून उठले आणि काही क्षणांत रांगोळीत पडले. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वृत्तपत्रात त्यावर ‘तांत्रिक बिघाड’ असे दोन शब्द आले. मी सभागृहात दुसऱ्या रांगेत होतो. जे पाहिले ते क्रमाने लिहितो.

हे यंत्र पाहायला मी पुण्याहून आलो होतो; गाडी गुरुवारी सकाळी नागपूरला पोहोचली. स्टेशनबाहेर तर्री-पोहे (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खाल्ले आणि रिक्षाने नंदनवन वस्ती गाठली. पल्लवी तिथे आईबरोबर राहते. जमिनीलगत फडफडणाऱ्या पंखांवर ती पीएच.डी. करते आहे. यंत्र तिनेच बनवले आहे. तळहातावर मावते. पंख दोन, पारदर्शक, कागदाहून पातळ. घरात त्याला भुंगा म्हणतात.

“जयभीम. बसा जी,” आई म्हणाल्या. मग मुलीकडे वळून, “काहून वं, पाहुण्यायले आधी चाय विचारशील का भुंगाच दाखवशील?”

“चाय तू कर. मी भुंगा दाखवून राहिली.”

चहा होईपर्यंत पल्लवीने जमिनीवर अगरबत्ती लावली आणि भुंगा चालू करून हातातच धरला. पंख हवा खाली ढकलत होते. उंचावर धरला तेव्हा धूर सरळ खाली गेला आणि विरला. जमिनीजवळ आणला तशी तीच हवा फरशीवर अडली, दाबली गेली आणि यंत्राखाली एक उशी तयार झाली. या उशीवर यंत्र कमी ताकदीत तरंगते. पण ही उशी सगळ्या उंचीवर मिळत नाही. मधल्या एका पट्ट्यात तर परत येणारी हवा पंखांचे काम बिघडवते आणि उचल उलट घटते. म्हणून भुंगा जमिनीपासून चार बोटांवरच उडतो. पल्लवीने आणखी एक गोष्ट दाखवली. दोन्ही पंखांची हवा फरशीवर आपटून पसरते, मध्यभागी एकमेकींना भिडते आणि कारंज्यासारखी वर उसळते. धुराची एक रेघ थेट यंत्राच्या पोटात जात होती.

“पोटात गिअर आहेत,” ती म्हणाली. “म्हणून खाली काय पडलंय ते आधी बघावं लागतं.”

एवढ्या खाली उडायचे कशासाठी, हे मी विचारले. उत्तर संत्र्याच्या झाडात होते. संत्र्याला डिंक्या नावाचा रोग होतो. मातीला टेकलेल्या बुंध्यावर साल फुटते आणि डिंक गळू लागतो. वरून उडणाऱ्या ड्रोनला फक्त पाने दिसतात. फांद्या इतक्या खाली आलेल्या असतात की माणसाला प्रत्येक झाडाखाली रांगत जावे लागते. भुंगा तिथून जाऊ शकतो आणि बुंध्याचे चित्रण करू शकतो.

शनिवारी महाविद्यालयाची समिती तो पाहणार होती. उडाला तर प्रयोगशाळेची खोली पल्लवीकडे आणखी वर्षभर राहणार होती. न उडाला तर महिनाअखेर खोली रिकामी करायची होती. त्याच दिवशी एक मोठे पाहुणे महाविद्यालयात येणार होते, म्हणून समितीने पाहणी त्यांच्यासमोरच ठेवली.

शुक्रवारी आम्ही गांधीबागेच्या बाजारात गेलो. पल्लवीला काळे सुती कापड हवे होते. स्वच्छ, सपाट, धूळ नसलेले. आणि त्यावर धूर व पंख लांबूनही दिसावेत. कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत हातगाडीने माझ्या पायावर चाक घातले, आणि गाडीवाल्याने मलाच “देखके चलो ना, भाऊ” असे बजावले. तिसऱ्या दुकानात कापड मिळाले.

“काळं एवढं कशाले पाहिजे, ताई?” दुकानदाराने विचारले.

“एक उडणारी मशीन आहे. तिच्याखाली अंथरायले.”

“मशीनले चादर! आमच्या घरी जावयाले भेटत नाही.” त्याने कापड मोजले, घडी घालून दिले आणि उडाली तर सांगून जा म्हणाला.

शनिवारी सकाळी महाविद्यालयाच्या फाटकावर बंदोबस्त होता. हवालदाराने पल्लवीची पिशवी उघडली आणि कापड बाहेर काढले.

“हे आत नाही जाणार.”

“काहून, साहेब? जमिनीवर अंथरायचं आहे.”

“काळं आहे न ताई. पाहुणे येऊन राहिले. कोणी वर धरून दाखवलं तर माह्या नोकरीवर येईल.”

काळे झेंडे दाखवले जातील, ही भीती होती. फाटकाशेजारच्या टेबलावर काळे रुमाल, एक काळी ओढणी आणि एका विद्यार्थ्याची काळी टोपी आधीच जमा होती. पल्लवीने समन्वयक प्राध्यापकांना फोन केला. ते आले, हवालदाराशी बोलले नाहीत, पल्लवीशी बोलले. “मॅडम, आजच्या दिवशी काळं कशाला आणायचं? जमीन आम्ही छान सजवली आहे.”

कापड टेबलावरच राहिले. जमीन खरोखर सजवली होती. मंचासमोर, सभागृहातल्या एकमेव उघड्या फरशीवर, सात रंगांची रांगोळी होती. मध्ये मधमाशी आणि खाली पाहुण्यांचे नाव. बाकी सगळीकडे जाड लाल गालिचा. त्याच्या लवेत हवा जिरते, उशी बनत नाही.

“सर, ही पुसावी लागेल,” पल्लवी म्हणाली.

“मुली सकाळपासून बसून आहेत त्यावर. आणि तुमचं यंत्र वरून जाणार ना? रांगोळीला लागणार थोडीच!”

“वरूनच जाईल, सर. पण हवा खाली जाऊन परत वर येते. पावडर गिअरमध्ये जाईल.”

“मग उंच उडवा. दोन फूट. मागच्यांनाही दिसेल.”

“उंच नाही उडत ते. बनवलंच खाली उडायला आहे.”

“म्हणजे उडणारं यंत्र, आणि उंच उडत नाही!” समन्वयक हसले. आसपासचे हसले. पल्लवीने बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये चाचणी घ्या म्हटले. बंदोबस्तात ते बसत नव्हते. फक्त पाहुण्यांचे नाव राहू द्या आणि मधमाशी पुसा, असेही तिने सुचवले. रांगोळी काढणाऱ्या मुलींपैकी एक कपडा आणायला उठली. तिला खाली बसवण्यात आले.

पाहुणे उशिरा आले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, पुन्हा शाल. महाविद्यालयाच्या नावीन्याच्या परंपरेवर तीन भाषणे झाली. त्यानंतर निवेदिकेने पल्लवीला बोलावले आणि वेळ कमी असल्याने थोडक्यात दाखवावे, अशी विनंती केली.

भुंगा उठला. चार बोटांवर स्थिर झाला. तेवढ्यात रांगोळी हलली. मधमाशीचा पिवळा रंग कडेला पसरला, मध्यभागी एक बारीक रंगीत कारंजे उभे राहिले आणि यंत्राच्या पोटात शिरले. आवाज खरखरीत झाला. एक पंख थांबला. भुंगा पाहुण्यांच्या नावावर पडला.

सभागृहात हशा पिकला. पाहुणे उदारपणे म्हणाले, “प्रयत्न महत्त्वाचा असतो.” समितीच्या एका सदस्याने शेजाऱ्याला सांगितले, “लग्नातलं ड्रोन बघा, वरातीवर तासभर फिरते.” फरशी पुसून पुन्हा दाखवते, असे पल्लवी मंचाखालून दोनदा म्हणाली. तोवर आभारप्रदर्शन सुरू झाले होते.

कारण आधी सांगितलेले होते. ज्या क्रमाने सांगितले, त्याच क्रमाने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडले. पंख हवा कशी हलवतात, याची इतकी स्वच्छ, इतकी रंगीत साक्ष कुठल्याही प्रयोगशाळेने मागितली नसती. ती पदवीधरांनी भरलेल्या सभागृहात दिली गेली, आणि तिला बिघाड म्हटले गेले.

रात्री पल्लवीने गिअर ब्रशने साफ केले. रविवारी आम्ही बसने काटोलला गेलो. बसमध्ये रिकाम्या करंड्या आणि संत्र्यांचा वास होता. सुमनबाई नावाच्या शेतकरी बाईंची संत्र्याची बाग गावाबाहेर आहे. त्यांनी आदल्या दिवशी झाडांना पाणी दिले होते. माती बसलेली होती. मला एक प्रश्न विचारणे भाग होते: रांगोळीत पडते ते यंत्र धुळीत कसे चालेल?

“कोरड्या धुळीत नाहीच चालत,” पल्लवी म्हणाली. “ओलितानंतर उडवायचं. डिंक्याही ओलाव्यातच वाढतो, तेव्हाच बघावा लागतो.”

सुमनबाईंनी वाटीभर सांबारवडी (कोथिंबिरीचे सारण भरलेली तळलेली वडी) पुढे केली आणि भुंगा निरखला. “एवढुसा! अन् याच्यापायी काल रडली का वं तू?”

“रडली नाही, मावशी. चिडली.”

“मंग बरं हाय. चिडलेलं माणूस काम करते. सोड त्याले.”

भुंगा फांद्यांखाली शिरला. तो एका ओळीतल्या झाडांखालून गेला, शेवटच्या झाडाशी वळला आणि परत आला. पल्लवीने चित्रण फोनवर लावले. एका बुंध्यावर, मातीच्या अगदी वर, तपकिरी डिंकाचा ओघळ होता. सुमनबाई त्या झाडाखाली रांगत गेल्या, हात लावून पाहिला आणि तिथूनच ओरडल्या, “हाय वं, हाय!”

सोमवारी मी समन्वयकांना भेटलो. चित्रण दाखवू का, असे विचारले.

“नंतर पाठवा. कार्यक्रम मात्र सुंदर झाला. पाहुणे खूश होते.”

दुसरी चाचणी?

“समितीने डोळ्यांनी पाहिलं आहे. आणखी काय हवं?”

त्याच संध्याकाळी मी पुण्याची गाडी धरली. चित्रण मी त्यांना गाडीतूनच पाठवले. ते उघडल्याची खूण मला अजून दिसलेली नाही. महिनाअखेर पल्लवीने खोली रिकामी केली. भुंगा आता नंदनवनच्या घरी असतो. बागेला पाणी दिल्याचा फोन आला की ती बसने काटोलला जाते. प्रयोगशाळेच्या खोलीत महाविद्यालयाने समारंभाच्या खुर्च्या ठेवल्या आहेत.