चिंधीच्या खालचं पाणी

आभाळ काळवंडलं की बायका वाळत घातलेले कपडे काढायला धावतात. शूचन खराटा घेऊन अंगणात उतरायची. अंगणाला कोपऱ्याकडे उतार होता, कोपऱ्यात जमिनीखाली टाकं होतं, आणि वर्षभराचं पाणी त्या टाक्यात जाणार ते याच अंगणावरून वाहत. मग तिथे कोंबडीचं पीस पडलेलं कसं चालेल? पहिला थेंब पडायच्या आत तिचं अंगण घासलेल्या परातीसारखं लख्ख असायचं. हिवाळ्यात त्याच खराट्याने ती बर्फ ढकलत टाक्यात न्यायची. ह्वेनिंग तालुक्यातल्या या पिवळ्या डोंगरांत आभाळातल्या म्हाताऱ्याने माणसं तेवढी ठेवली आणि पाणी ठेवायला तो विसरला, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते ती वर बोट करून त्याला ऐकवायचीही.

टाकं तिच्या नवऱ्याने, वानशुनने, लग्नाच्या वर्षी खणलं होतं. वर मान अरुंद, खाली पोट मोठं. आतून तांबडी चिकणमाती मोगरीने ठोकून बसवायला त्याला सव्वा महिना लागला. संध्याकाळी वर यायचा तेव्हा त्याचे फक्त डोळे पांढरे दिसायचे. या मातीचं एकच पथ्य असतं, ती कोरडी पडता कामा नये. कोरडी पडली की तडकते, आणि तडकलेलं टाकं म्हणजे चाळण. म्हणून त्याने पोहऱ्याच्या दोराला एक लाल चिंधी बांधून ठेवली होती. पोहरा पाण्याला टेकला आणि चिंधी टाक्याच्या तोंडाशी आली, की हात आखडायचा. चिंधीच्या खालचं पाणी माणसांचं नाही, मातीचं.

चिंधीच्या वरचं पाणीही शूचन सुखासुखी कोणाला देत नसे. तोंड धुवायचं तसराळं भिंतीला तिरकं टेकवलेलं असायचं, म्हणजे ओंजळभर पाणीही एका कडेला साचून हाताला लागतं. आधी वानशुनचं तोंड, मग तिचं, मग लेकीचं, यानमेईचं. त्यातच पाय धुणं, आणि उरलेलं काळं पाणी दारातल्या जर्दाळूला. बटाटे धुतलेलं पाणी कांद्याच्या पातीच्या वाफ्याला. शेवया उकडलेलं पाणी तर सरळ पोटात. जर्दाळूला फळं धरली की ती म्हणायची, "खा, खा. आपल्याच तोंडाचं पाणी आहे."

वानशुन बावीस वर्षांचा असताना एक हिवाळा कोळशाच्या खाणीत कामाला होता. तिथे कामगारांसाठी गरम पाण्याचा हौद होता. तो हिवाळा त्याने पुढची चाळीस वर्षं सांगितला.

"गळ्यापर्यंत, शूचन! गळ्यापर्यंत पाणी! बोटं अशी सुरकुतली होती, तुझ्या आजीच्या गालासारखी."

"माझ्या आजीला मध्ये आणू नकोस, म्हाताऱ्या. आणि पाण्याची एवढी हौस होती तर बेडकीशी लग्न करायचं होतंस."

"बघितली होती एक. पण तिला खराटा धरता येईना."

त्यावर यानमेई हसून लोळायची. शूचन हसू दाबत तसराळं उचलून जर्दाळूकडे निघून जायची.

पुढे यानमेई लग्न होऊन तालुक्याला गेली. त्यानंतर काही वर्षांनी वानशुनच्या पोटात गाठ निघाली, आणि नेमका त्याच उन्हाळ्यात पाऊस दडी मारून बसला. डॉक्टरने त्याला घरी पाठवलं. त्याचा अर्थ दोघांनाही कळला होता. प्यायचं पाणी आठवड्यातून एकदा ट्रॅक्टरवरून यायचं, दोन कॅन. दोराची चिंधी केव्हाच टाक्याच्या तोंडाशी आली होती.

एके दुपारी त्याने तिला हाक मारली. "शूचन, ते डुकराचं पिंप आहे ना आपलं?"

नव्या वर्षाला डुक्कर मारलं की ते उकळत्या पाण्यातून काढायचं मोठं लाकडी पिंप माळ्यावर पडलं होतं. "आहे. का?"

"एकदा भर ना. कोमट. मला बसव त्यात. गळ्यापर्यंत."

तिने मनातल्या मनात हिशेब केला. चौदा पोहरे. म्हणजे तळ उघडा. उद्या ऊन पडणार, माती तडकणार, आणि पुन्हा मोगरी घेऊन खाली उतरणारा माणूस तर हा असा अंथरुणाला खिळलेला. तो गेल्यावर तिने काय प्यायचं? आयुष्यभर ज्या हातांनी थेंब राखला त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

"पाऊस येऊ दे," ती म्हणाली. "पश्चिमेकडे ढग दिसतायत. आला की भरते. अगदी गळ्यापर्यंत."

"बरं," तो म्हणाला. "मला कुठे घाई आहे? डुकराला तेवढी घाई असते." आणि तिला बरं वाटावं म्हणून स्वतःच हसला.

तिने ओल्या फडक्याने त्याचे हात पुसले, आणि फडकं पिळून पाणी जर्दाळूला घातलं. हे फडकं पिळणं तिला पुढे फार छळणार होतं.

त्यानंतर रोज तो एकच विचारायचा, "ढग?" ती दारातून बघून सांगायची, "आहेत." नवव्या दिवशी त्याने विचारलं नाही.

मेलेल्याला आंघोळ म्हणून आमच्याकडे तोंड, छाती आणि हात पुसतात, झालं. बायका तेवढ्यासाठी वाटीभर पाणी घेऊन आल्या. शूचनने त्यांना बाजूला केलं. तिने शेजाऱ्यांकडून पिंप उतरवून घेतलं, कमरेची किल्ली काढून टाक्याचं कुलूप उघडलं आणि पोहरा सोडला. एक, दोन, पाच.

निरोप मिळून तालुक्याहून आलेली यानमेई धावत आली. "आई, काय करतेस? चिंधी केव्हाच आत गेली!"

"जाऊ दे."

"अगं, टाकं तडकेल! बाबांचं टाकं आहे ते!"

"मग बाबांनाच देतेय ना," शूचन ओरडली, आणि तिचा आवाज इतका फाटला की बायकांनी माना खाली घातल्या.

चौदाव्या पोहऱ्याला तळाची तांबडी राड वर आली. चूल पेटवून तिने पाणी कोमट केलं, शेजाऱ्यांच्या मदतीने त्याला पिंपात बसवलं, मान आपल्या दंडावर घेतली. पाणी बरोबर गळ्यापर्यंत आलं. ती बराच वेळ तशीच राहिली. कोणाची घाई करायची छाती झाली नाही. त्याची बोटं काही सुरकुतली नाहीत.

पाऊस आला तो त्याला पुरल्यानंतर पाचव्या दिवशी, धो धो. सवयीने शूचन खराटा घेऊन उतरली. टाकं काठोकाठ भरलं. तिसऱ्या दिवशी पोहरा सोडला तर तो कोरड्या मातीवर आपटला.

पुढच्या वसंतात गावात नळ आला. दारोदार फटाके वाजले. शूचनच्या अंगणात जर्दाळूजवळ तोटी बसली, बसवणाऱ्याने सोडून दाखवली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बंद कर." दीड महिना तिने तोटीला हात लावला नाही. शेजारणीकडून बादली भरून आणायची. लोक म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं.

स्मशानसफाईच्या सणाला बाबांचं थडगं झाडायला यानमेई आली, तर आई अंगणात तोटीखाली पिंप लावून बसलेली. पाणी धबधबा पडत होतं. बाजूला चुलीवर पातेली तापत होती, आणि म्हातारी एकेक पातेलं त्यात ओतत होती. पिंप काठाला आलं तेव्हा तिने तोटी बंद केली, स्टूल ओढलं आणि कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून बसली.

"आई, आंघोळ करतेस का? बस ना आत."

"माझ्यासाठी नाही भरलं."

यानमेईने पाण्यात बोट बुडवून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "निवतंय गं पाणी."

"निवू दे. दुसरं भरू," शूचन म्हणाली. "पाणी पुष्कळ आहे."

आयुष्यात हे ती पहिल्यांदाच म्हणाली होती. म्हणाली, आणि पाण्यातून हात मात्र काढले नाहीत.