वकिलीणबाईंची वेणी

ये, अशी जवळ ये. दाराशीच काहून उभी राहिलीस परक्यासारखी? पार्लरात शिकतानाचा पगार कमी म्हणून तोंड पाडून बसतेस अन् आजीकडे दोन-दोन महिने फिरकत नाहीस, हे काही बरं नाही बाप्पा. बस. केस कापायला मीही शिकले, तेही अठ्ठाविसाव्या वर्षी, अन् जीव मुठीत धरून शिकले.

तुझे आजोबा गेले तेव्हा तुझी माय चार वर्षांची होती. तिला बार्शीटाकळीला माझ्या आईजवळ ठेवलं अन् मी अमरावतीला आले. कॅम्पात एका बाईंचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं. साहेबांच्या बायका, कॉलेजातल्या मुली येत. वर्षभर शिकायचं, मग पुरा पगार, असं ठरलं होतं. पुरा पगार झाला की लेकीला इकडे आणून शाळेत घालायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात. तोवर खोलीचं भाडं देऊन अन् आईला पाठवून उरेल त्यात ज्वारी अन् तेल-मीठ. वरण आठवड्यातून एकदा. कात्री कोणाच्या डोक्याला लावायची अजून परवानगी नव्हती. अंबाडीचा वाख, केसांसारखेच लांब धागे, खिडकीच्या गजाला बांधून त्यावर मी हात बसवत होते.

बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावलास, तर त्याच दिवशी छुट्टी."

एकदा एक वकिलीणबाई आल्या. टायफॉइडमधून उठलेल्या, मूठमूठ केस गळत होते. बाईंनी त्यांची कमरेइतकी वेणी कापली, मी कागदात गुंडाळली. त्या अशक्तपणात ती फळीवरच विसरून गेल्या. आठ दिवस कोणी विचारायला आलं नाही. आता आमच्या गावची रीत तुला माहीत आहे. विंचरलेले केस भिंतीच्या फटीत खुपसून ठेवायचे अन् केसांवर भांडी देणारी आली की तिला द्यायचे. डोक्यावरून उतरले ते टाकलेलेच. मी ती वेणी गल्लीत आलेल्या भांडेवालीला देऊन लेकीसाठी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली घेतली. आपण कोणाची वस्तू घेतली, असं मनातही आलं नाही.

नवव्या दिवशी वकिलांकडून निरोप. वकिलीणबाई पुन्हा तापानं पडल्या होत्या. त्यांच्या सासूबाई म्हणत होत्या, केस परक्या हातात गेले, करणी झाली, वेणी आणा, नदीत सोडू.

बाईंनी मला विचारलं, "कहाँ रखी वो चोटी?"

"खोलीवर नेली जी. उंदीर लागले असते. उद्या पोचवीन." तोंडातून निघून गेलं.

बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी करणीबिरणी सोडली होती. पण भेव काही एका दिवसात सुटत नाही. नोकरी जाईल याचं भेव होतंच, अन् वकिलीणबाईंचं काही बरंवाईट झालं तर?

सकाळीच बडनेऱ्याला गेले. स्टेशनामागे त्या भांडेवालीचं पाल होतं. तिनं पोतं माझ्यापुढे उलटं केलं. केसांचा ढीगच ढीग. मी त्यात कोपरापर्यंत हात घालून शोधत राहिले. ती हसून राहिली.

"कोणती तुई? सगळ्या काळ्याच हायेत."

"लई लांब होती वो माय."

"मंग हे घेऊन जाय. लांबच हाय. कापल्यावर कोण वळखते?"

ताटली परत देऊन ती दुसरीच वेणी मी घेतली. कोणाची होती देव जाणे. जितीची की मेलेलीची, हाच विचार वाटभर. कागदातून ती हाताला गार लागे.

वकिलांच्या मागच्या दाराशी वकिलीणबाई स्वतःच आल्या, भिंतीला धरत धरत. पुडी उघडली, दोन बोटांनी चाचपली.

"ही माझी नाही," त्या हळूच म्हणाल्या.

मी सगळं सांगून टाकलं. ताटलीचंसुद्धा. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "मिळाली का गं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं, ही माझ्याहून जास्त भ्यालेली आहे.

"हो, मिळाली," त्या मोठ्यानं म्हणाल्या अन् दार लावून घेतलं.

पुढचे दोन महिने दुकानाचा पडदा हलला की माझं काळीज हले. त्या बऱ्या होतील ना? बाईंना सांगतील का? मग एक दिवस त्या आल्या. केस मानेवर आलेले, वेडेवाकडे. खुर्चीत बसल्या अन् बाईंना म्हणाल्या, "आज हिलाच कापू द्या."

माझं पहिलं डोकं ते. कात्री कानाजवळ नेली तशा बाई ओरडल्या, "कान मत काटना!" वकिलीणबाई आरशातून बघत होत्या, पापणी हलवत नव्हत्या. झाल्यावर मी जमिनीवरचा बारीकसारीक केसही वेचला, त्यांच्याच रुमालात बांधला अन् हातात दिला.

"पाहून घ्या जी. सगळे आहेत."

त्या हसल्या, पण गाठ मात्र दोनदा ओढून पाहिली. बाईंना त्यांनी कधीच सांगितलं नाही. वर्ष भरलं अन् तुझी माय अमरावतीला आली.

हे मी तिलाही सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, तर आता अशी गायब होऊ नकोस. येत्या रविवारीच ये बाई, जेवायलाच ये.